शांतीसाठी आसन सोडणारे बिशप : नाझियान्झसचे संत ग्रेगरी



दरवर्षी २ जानेवारीला आपल्या उपासनेत दोन जिवलग मित्रांचे एकत्र स्मरण केले जाते : संत बेसिल आणि संत ग्रेगरी. नाताळच्या धामधुमीत आणि नववर्षाच्या शुभेच्छांत हा दिवस पुष्कळदा नकळत निघून जातो. संत बेसिल मठवासीयांना नियम घालून देणारे म्हणून थोडेफार परिचित आहेत. ग्रेगरींची ओळख मात्र आपल्यापैकी अनेकांना नसते. तरीही आजच्या दिवसांत मुद्दाम वाचावे असे त्यांचे चरित्र आहे.

आज राजकारण आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत आले आहे. निवडणूक संपते, गुलाल धुतला जातो. पण मनात धरलेली अढी तशीच राहते. मोबाइलवरच्या कुटुंबाच्या गटात एखादा निरोप येतो आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात. माणूस काय बोलला हे ऐकून घेण्याआधी तो कोणाचा माणूस आहे हे विचारले जाते. हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत १९६० साली लोकांना विचारले होते की, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केले तर वाईट वाटेल का? शंभरात जेमतेम पाच जणांनी होय म्हटले. २०१० साली तसाच प्रश्न विचारला तेव्हा एका पक्षाच्या जवळजवळ निम्म्या आणि दुसऱ्याच्या एकतृतीयांश लोकांनी होय म्हटले. पक्ष हे मत न राहता जात बनले, असाच याचा अर्थ.

हा रोग नवा नाही. सोळाशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्य असेच दुभंगले होते, आणि तेही धर्माच्या नावाने. त्या काळात एक भित्रा, आजारी, कवी मनाचा माणूस राजधानीचा बिशप झाला आणि काही महिन्यांतच त्याने ते आसन आपण होऊन सोडले. त्याची ही कथा.

दुभंगलेले साम्राज्य

आलेक्झांड्रियाचे धर्मगुरू एरियस यांची शिकवण अशी होती की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे. सर्व सृष्टीत श्रेष्ठ, तरीही निर्मितच. इ. स. ३२५ मध्ये निसिया येथे भरलेल्या धर्मपरिषदेने हे मत अमान्य केले आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे अशी घोषणा केली. प्रश्न मोठा होता. येशू जर केवळ श्रेष्ठ निर्मिती असेल तर त्याच्यामध्ये देव आपल्याला भेटला असे म्हणता येत नाही. म्हणजे हा वाद क्षुल्लक शब्दांचा नव्हता.

पण वाद मिटला नाही. सम्राट बदलले की श्रद्धेचे वारेही बदलत. कॉन्स्टँशियस आणि पुढे व्हॅलेन्स या सम्राटांनी निसियाच्या विरोधकांना हाताशी धरले. निसियाचे पाठीराखे बिशप हद्दपार झाले. एकट्या संत अथनेशियस यांनाच पाच वेळा आपले शहर सोडावे लागले. एकाच शहरात दोन-दोन, तीन-तीन बिशप झाले आणि एका गटाचे लोक दुसऱ्या गटाच्या चर्चमध्ये पाऊल ठेवीनासे झाले. बेसिल यांचे धाकटे भाऊ, निस्साचे संत ग्रेगरी यांनी राजधानीतील बाजाराचे वर्णन करून ठेवले आहे. सराफाकडे मोड मागायला जावे तर तो पुत्राच्या उत्पत्तीवर बोलू लागे. भाकरीची किंमत विचारावी तर पिता पुत्राहून कसा थोर आहे हे ऐकावे लागे. आज पानाच्या टपरीवर किंवा केशकर्तनालयात राजकारण चालते, तसेच ते होते.

अथेन्सची मैत्री

ग्रेगरी यांचा जन्म सुमारे ३३० साली कप्पदुकिया प्रांतात, नाझियान्झस या छोट्या गावाजवळ झाला. तो भाग आज तुर्कस्तानात आहे. त्यांच्या वडिलांचे नावही ग्रेगरीच. ते आधी ख्रिस्ती नव्हते. एका वेगळ्या पंथाचे होते. पत्नी नोन्ना हिच्या प्रार्थनेने आणि आग्रहाने ते ख्रिस्ताकडे वळले आणि पुढे त्याच गावाचे बिशप झाले. त्या काळी विवाहित बिशप असत. नोन्ना, मुलगी गोर्गोनिया आणि धाकटा मुलगा सिझेरियस या तिघांनाही ख्रिस्तसभा संत मानते.

घरी शेतीवाडी होती. मुलांच्या शिक्षणाला काही कमी पडले नाही. ग्रेगरी कप्पदुकियातील कैसरिया, मग पॅलेस्टाईन, मग आलेक्झांड्रिया असे शिकत शिकत अथेन्सला निघाले. वाटेत समुद्रात भयंकर वादळ झाले. स्नानसंस्कार न घेताच आपण मरणार या भीतीने तरुण ग्रेगरी जहाजावर आक्रोश करीत पडून राहिले. वाचलो तर जीवन देवाला देईन असा नवस त्यांनी तेथे केला.

अथेन्समध्ये त्यांची बेसिलशी मैत्री जमली. एक खोली, एक जेवण, एकच ध्येय. त्याच सुमारास तेथे ज्युलियन नावाचा राजघराण्यातील तरुणही शिकायला होता. तो पुढे सम्राट झाला, त्याने ख्रिस्ती धर्म सोडला आणि ३६२ साली ख्रिस्ती शिक्षकांना शिकवण्याची बंदी केली. ज्युलियनच्या मृत्यूनंतर ग्रेगरींनी त्याच्यावर जी भाषणे लिहिली ती वाचताना आजही चटके बसतात. म्हणजे द्वेषाची भाषा ग्रेगरींना येत नव्हती असे नाही. ती त्यांना चांगली येत होती. म्हणूनच पुढे त्यांनी जे केले त्याला मोल आहे.

पहिला समेट

शिक्षणानंतर ग्रेगरींना एकांत हवा होता. बेसिलबरोबर पोंत प्रांतात नदीकाठी राहून प्रार्थना, शेतकाम आणि अभ्यास यांत त्यांनी काही काळ घालवला. पण वृद्ध वडिलांना मदतनीस हवा होता. ३६१ च्या नाताळच्या सुमारास वडिलांनी त्यांना जवळजवळ बळजबरीने धर्मगुरुदीक्षा दिली. ग्रेगरी गाव सोडून बेसिलकडे पळाले आणि ईस्टरच्या वेळी परत आले.

परतल्यावर त्यांच्यापुढे गावातलीच फूट उभी राहिली. वडील बिशप साध्या मनाचे होते. शांततेच्या आशेने त्यांनी एका गुळमुळीत श्रद्धापत्रकावर सही केली होती. गावातील मठवासीयांना ती निसियाशी प्रतारणा वाटली आणि त्यांनी बिशपांशी संबंध तोडले. ग्रेगरी कोणाच्या बाजूने उभे राहणार? एका बाजूला जन्मदाता, दुसऱ्या बाजूला ज्यांची श्रद्धा त्यांना पटत होती ते लोक. त्यांनी वडिलांना आपली श्रद्धा स्पष्ट शब्दांत जाहीर करायला लावली आणि मठवासीयांनाही परत येण्याची वाट मोकळी केली. सुमारे ३६४ साली समेट झाला. सत्य लपवून शांती मिळत नाही, आणि माणसाला अपमानित करून सत्य वाढत नाही, हा धडा त्यांना तेथे मिळाला.

मैत्रीला पडलेला तडा

३७० साली बेसिल कैसरियाचे बिशप झाले. सम्राट व्हॅलेन्सने पुढे कप्पदुकियाचे दोन प्रांत केले. नव्या प्रांतातील त्यानाचे बिशप अँथिमस यांनी बेसिलच्या अधिकारातील भागावर हक्क सांगितला. अँथिमसही निसियाचेच अनुयायी होते, पण आता भांडण हद्दीचे होते. आपले बळ वाढावे म्हणून बेसिलनी नवे बिशप नेमले. त्यांत सासिमा नावाच्या जागी त्यांनी ग्रेगरींना नेमले. सासिमा म्हणजे हमरस्त्यावरचा एक टप्पा. पाणी नाही, झाड नाही; धूळ, गाड्यांचा खडखडाट आणि ये-जा करणारे परके लोक. मित्राने आपल्याला प्याद्यासारखे पुढे सरकवले याचे ग्रेगरींना फार दुःख झाले. ते तेथे कामाला गेलेच नाहीत. दोघे मित्र एकाच श्रद्धेचे, एकाच ध्येयाचे. पण गटाच्या गणिताने त्यांच्या मैत्रीलाही तडा गेला. बेसिलच्या मृत्यूनंतर ग्रेगरींनी त्यांच्या स्तुतीचे मोठे भाषण केले. त्यातही ही सल लपलेली नाही.

३७४ साली वडील वारले, पाठोपाठ आईही गेली. ग्रेगरी सेलुकिया येथे संत थेक्लाच्या मठाजवळ एकांतात राहू लागले. तेथेच आजारी असताना त्यांना बेसिलच्या निधनाची बातमी कळली.

राजधानीतील छोटी खोली

३७८ च्या ऑगस्टमध्ये सम्राट व्हॅलेन्स एड्रियानोपलच्या लढाईत मारला गेला. नवा सम्राट थिओडोसियस निसियाच्या श्रद्धेचा होता. पण राजधानी कॉन्स्टँटिनोपल सुमारे चाळीस वर्षे एरियन गटाच्या हातात होती. शहरातील सगळी चर्च त्यांच्या ताब्यात होती. उरलेल्या मूठभर निसियावाद्यांनी ३७९ साली ग्रेगरींना बोलावले.

वय पन्नाशीचे, पाठीत वाकलेले, टक्कल पडलेले, अंगावर साधे कपडे, बोलण्यात गावाकडचा हेल. राजधानीच्या लोकांनी त्यांची टर उडवली. एका नातेवाइकाच्या घरात त्यांनी उपासना सुरू केली आणि त्या जागेला अनास्तासिया, म्हणजे पुनरुत्थान, असे नाव दिले. ईस्टरच्या रात्री स्नानसंस्कार चालू असताना विरोधी जमाव आत घुसला आणि दगडफेक झाली. उलट ग्रेगरींनाच अधिकाऱ्यांपुढे उभे राहावे लागले. त्यांचे सहकारी चिडले. गुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून खटला भरावा असा त्यांचा आग्रह होता. ग्रेगरींनी एका मित्राला पत्र लिहून समजावले की, शिक्षेने ते लोक गप्प बसतील. क्षमेने कदाचित बदलतील.

याच छोट्या जागेत ३८० साली त्यांनी त्रैक्यावर पाच प्रवचने दिली. त्यांच्या जोरावर पौर्वात्य ख्रिस्तसभेने त्यांना ईशज्ञानी ही पदवी दिली. ही प्रवचने विरोधकांच्या मतांचे खंडन करतात. पण त्यांची सुरुवात पाहण्यासारखी आहे. देवाविषयी बोलणे ही रथांच्या शर्यतीसारखी किंवा नाटकासारखी करमणूक झाली आहे, अशी खंत ते आधीच व्यक्त करतात. शर्यतीच्या मैदानात जसे लोक आपल्या रंगाच्या रथासाठी ओरडत, तसेच ते धर्मासाठी ओरडू लागले होते. ज्याला बोलायचे आहे त्याने आधी आपले मन शुद्ध करावे, वेळ आणि ऐकणारा पाहावा आणि मर्यादा ओळखावी, असे त्यांचे सांगणे होते. हे ते स्वतःच्या गटालाही सांगत होते.

आपल्यातला माणूस

याच काळात ग्रेगरींची मोठी फसगत झाली. मॅक्सिमस नावाचा एक तत्त्वज्ञ आलेक्झांड्रियाहून आला. त्याने ग्रेगरींच्या प्रवचनांना मान डोलावली, निसियासाठी आपण छळ सोसला असे सांगितले. ग्रेगरींनी भर सभेत त्याची स्तुती केली, त्याला आपल्या ताटात जेवू घातले. पुढे ग्रेगरी आजारी असताना एका रात्री ईजिप्तहून आलेल्या बिशपांनी गुपचूप चर्चमध्ये शिरून मॅक्सिमसलाच कॉन्स्टँटिनोपलचा बिशप म्हणून अभिषेक करायला सुरुवात केली. पहाटे लोक जमले आणि त्यांनी हुसकावून लावले, तेव्हा उरलेला विधी त्यांनी एका बासरीवाल्याच्या घरी उरकला.

विरोधकांच्या प्रत्येक शब्दाची कसून परीक्षा घेणारा विद्वान माणूस येथे कसा फसला? कारण मॅक्सिमस आपल्या बाजूचा होता. समोरच्याची चूक आपल्याला लांबून दिसते. आपल्या गटातल्या माणसाची पारख मात्र आपण करीत नाही. तो आपल्या घोषणा देतो, एवढेच पुरते. ग्रेगरींनी ही चूक नंतर आपल्या आत्मचरित्रपर काव्यात मोकळेपणाने कबूल केली. लाज वाटून ते शहर सोडायला निघाले होते. लोकांनी गळ घालून त्यांना थांबवले.

विजयाचा दिवस

३८० च्या फेब्रुवारीत थिओडोसियसने आज्ञापत्र काढून निसियाची श्रद्धा साम्राज्याची श्रद्धा म्हणून जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये तो राजधानीत आला. एरियन बिशप डेमोफिलस यांना त्याने सांगितले की, निसिया मान्य करा, नाहीतर चर्च सोडा. डेमोफिलस यांनी श्रद्धा बदलली नाही; ते शहराबाहेर गेले. सम्राटाने स्वतः ग्रेगरींना पवित्र प्रेषितांच्या मंदिरात नेले. दोन्ही बाजूंना सशस्त्र सैनिक होते आणि रस्त्यावर हजारो लोक रडत, ओरडत उभे होते. जिंकलेल्या शहरातून सेना जावी तसे ते दृश्य होते, अशी आठवण ग्रेगरींनी लिहून ठेवली आहे. ज्या दिवसाची त्यांच्या गटाने चाळीस वर्षे वाट पाहिली, त्या दिवशी त्यांना आनंदापेक्षा संकोच अधिक वाटला.

आता सूड घेण्याची वेळ होती. सत्ता आपली, सम्राट आपला. पण ग्रेगरींनी विरोधकांचा छळ होऊ दिला नाही. त्याच दिवसांत एक तरुण त्यांच्या आजारपणात भेटायला आला आणि पायांशी पडून रडू लागला. त्याला त्यांचा खून करण्यासाठी पाठवलेले होते. ग्रेगरींनी त्याला क्षमा केली आणि यापुढे तू देवाचा आणि माझा आहेस, अशा अर्थाचे बोलून त्याला जवळ केले. ही बातमी शहरभर पसरली, आणि जे तलवारीने झाले नसते ते या क्षमेने झाले. पुष्कळांची मने मवाळ झाली.

एकाच श्रद्धेचे दोन बिशप

३८१ च्या मे महिन्यात कॉन्स्टँटिनोपलला धर्मपरिषद भरली. सुमारे १५० बिशप आले. आपण रविवारच्या मिस्सेत म्हणतो ती श्रद्धेची घोषणा या परिषदेशी जोडलेली आहे. अध्यक्ष होते अंत्युखियाचे वृद्ध बिशप मेलेटियस. त्यांनी ग्रेगरींना राजधानीचे बिशप म्हणून मान्यता दिली आणि परिषद चालू असतानाच ते वारले. अध्यक्षपद ग्रेगरींकडे आले.

अंत्युखियात निसिया मानणारे दोन बिशप होते : मेलेटियस आणि पॉलिनस. ३६२ सालापासून त्यांचे अनुयायी वेगवेगळे उपासना करीत. दोघांच्या श्रद्धेत फरक उरला नव्हता. फरक एवढाच की, मेलेटियसच्या मागे पूर्वेकडील बहुतेक बिशप होते. पॉलिनसच्या मागे रोम आणि आलेक्झांड्रिया. मूळ भांडण सत्यासाठी होते. पण आता सत्य बाजूला राहिले आणि आमचा माणूस की तुमचा माणूस एवढेच उरले.

ग्रेगरींनी तोडगा सुचवला. पॉलिनस वृद्ध आहेत. त्यांनाच सर्वांनी बिशप मानावे, त्यांच्यानंतर दोन्ही बाजूंनी मिळून एक बिशप निवडावा आणि ही फूट कायमची बुजवावी. लक्षात घ्या, ग्रेगरी स्वतः मेलेटियसच्या बाजूचे होते. मित्र बेसिलही त्याच बाजूचे होते. स्वतःच्या गटाला त्यांनी एक पाऊल मागे यायला सांगितले.

सभागृहात गोंधळ उडाला. तरुण बिशप ओरडू लागले, वयोवृद्धही त्यांच्या मागे गेले. ख्रिस्त पूर्वेत प्रकट झाला, म्हणून पूर्वेचेच चालले पाहिजे, असाही युक्तिवाद झाला. त्यावर ग्रेगरींची नोंद मार्मिक आहे : ख्रिस्ताला ठार मारले गेले तेही पूर्वेतच. त्यांचा तोडगा फेटाळला गेला. मागाहून ईजिप्त आणि मासेदोनियाचे बिशप आले. त्यांनी कायद्याचा मुद्दा काढला : ग्रेगरी आधीच सासिमाचे बिशप असताना दुसऱ्या जागी कसे बसले? ज्या सासिमाला ते कधी गेलेच नाहीत ते नाव त्यांच्यावर हत्यारासारखे उगारले गेले.

ग्रेगरी लढू शकले असते. सम्राट त्यांच्या बाजूने होता, शहरातील लोक त्यांच्यावर प्रेम करीत होते. पण त्यांनी योनाचे उदाहरण घेतले. वादळ माझ्यामुळे असेल तर मला समुद्रात टाका आणि जहाज वाचवा, अशा अर्थाचे सांगून त्यांनी राजीनामा दिला. सम्राटाकडे जाऊन त्यांनी पद, पैसा काही मागितले नाही. बिशपांमध्ये समेट घडवावा एवढेच मागितले. त्यांच्या जागी नेक्टेरियस नावाच्या एका अधिकाऱ्याची निवड झाली. त्यांचा स्नानसंस्कारही तोवर झालेला नव्हता.

शेवटची वर्षे

ग्रेगरी गावी परतले. थोडा काळ नाझियान्झसची ख्रिस्तसभा सांभाळून ती त्यांनी आपल्या नातलगाच्या, युलेलियसच्या, हाती सोपवली. उरलेला काळ एकांत, पत्रे आणि कविता यांत गेला. त्यांच्या हजारो ओळींच्या कविता आज उपलब्ध आहेत. त्यांत बिशपांवर कडवट टीकाही आहे. दुखावलेले मन लगेच शांत झाले नाही. संत झाला तरी माणूसच. सुमारे ३९० साली ते वारले. मालमत्ता त्यांनी गावच्या ख्रिस्तसभेला गोरगरिबांसाठी दिली होती.

अंत्युखियातील फूट मात्र पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालली. पॉलिनस वारले तरी त्यांच्या गटाने नवा बिशप केला. ज्यांनी ग्रेगरींचे ऐकले नाही त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या लोकांनी अखेर ती फूट बुजवली, सुमारे ४१५ साली.

शतकांनंतर ग्रेगरींचे अवशेष रोमला आले. मधल्या काळात पूर्व आणि पश्चिम ख्रिस्तसभा दुरावल्या होत्या. २७ नोव्हेंबर २००४ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संत पीटरच्या महामंदिरात ग्रेगरी आणि संत जॉन क्रिसोस्तोम यांचे अवशेष कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू यांच्या स्वाधीन केले. ज्या शहराचे आसन त्यांनी शांतीसाठी सोडले, त्याच शहरात ते शांतीची खूण म्हणून परतले.

आपल्यासाठी

ग्रेगरींनी मत सोडले नाही. त्रैक्यावरील त्यांची श्रद्धा मरेपर्यंत तसूभरही हलली नाही. त्यांनी सोडले ते आसन. आपण बहुधा उलटे करतो : मत परिस्थितीप्रमाणे बदलतो, पण गट आणि खुर्ची सोडत नाही. राजकारणात आपले मत असावे, ते ठामपणे मांडावे, मतदानही विचारपूर्वक करावे. पण मेलेटियस आणि पॉलिनस यांच्या अनुयायांप्रमाणे, वादाचे कारण संपल्यावरही आपण नुसता वादच तर जपत नाही ना? आपल्या बाजूच्या मॅक्सिमसची आपण पारख करतो का? आणि आपला पक्ष जिंकतो त्या दिवशी हरलेल्या शेजाऱ्याच्या दारावरून आपण कसे जातो?

या आठवड्यात ज्याच्याशी राजकारणावरून बोलणे बंद झाले आहे अशा एका माणसाला आपण फोन करू या. वादाचा विषय काढायचा नाही. फक्त तब्येतीची चौकशी करायची. कदाचित तो आपला फोन उचलणार नाही. ग्रेगरींचेही कोणी ऐकले नव्हते. तरी त्यांनी आपले पाऊल मागे घेतले, आणि म्हणूनच सोळाशे वर्षांनी आपण त्यांचे नाव घेतो.

संत ग्रेगरी, आमच्यासाठी विनंती करा.